पाण्याखालचा कान

कळंबला पाणी बघायचं तर खाली उतरावं लागतं. चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पातळीपेक्षा खोल आहे. पायऱ्या उतरत गेलं की वरचं ऊन वरच राहतं, दगड गार लागतो, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज मागे पडतो आणि समोर कुंड दिसतं. त्या कुंडातलं पाणी बऱ्याच वर्षांतून एकदा चढत चढत गणपतीच्या पायांना लागतं आणि मग ओसरतं, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. लहानपणी त्या पायऱ्यांवर बसून मी तासन्‌तास पाण्याकडे पाहिलं आहे. वरून इतकं निवांत दिसणाऱ्या पाण्याच्या पोटात काय चाललंय ते वरच्याला कळत नाही, एवढं मला तिथेच समजलं होतं.

विनाशिका आणि पाणबुड्या यांच्या युद्धातल्या कामगिरीवरच्या या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा तीच पायरी आठवली. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला या विषयाशी काय देणंघेणं, असं दोघा-तिघांनी मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या हिशेबात ज्यांचं वर्ष जातं, त्यांच्यासाठी समुद्र म्हणजे मृगाचा पाऊस जिथून येतो ती दिशा. मुंबईला गेलेला माणूस चौपाटीवर पाय भिजवून येतो, तेवढीच भेट.

पण नकाशा उघडून बघा. आमच्या जिल्ह्यावर पडलेलं पाणी वर्धा आणि पैनगंगा या नद्यांकडे जातं. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. तिच्या मुखापासून किनाऱ्याने ईशान्येला गेलं की विशाखापट्टणम येतं. त्या बंदराच्या तोंडाशी, समुद्राच्या तळावर, ‘गाझी’ नावाची पाकिस्तानी पाणबुडी १९७१ च्या डिसेंबरपासून पडलेली आहे. नव्वदहून अधिक माणसं तिच्यासोबत गेली. कळंबच्या शेतातून वाहून गेलेलं पाणी शेवटी ज्या समुद्राला मिळतं, त्याच समुद्रात ती आहे.

हा विषय समजून घ्यायला तोफांपासून सुरुवात करू नये, असं माझं मत आहे. सुरुवात विहिरीपासून करावी. अंधाऱ्या विहिरीत पाणी किती खाली गेलंय ते बघायचं असेल तर आपण खडा टाकतो आणि कान देतो. आवाज किती वेळाने आला त्यावरून दोर किती लागेल त्याचा अंदाज बांधतो. विनाशिकेवरचं सोनार हेच काम करतं. ते पाण्यात आवाजाचा एक ठोका सोडतं आणि तो कशावर आदळून परत येतो का, ते ऐकतं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. ठोका चार सेकंदांनी परतला तर जाऊन-येऊन सहा किलोमीटर झाले, म्हणजे समोरची वस्तू तीन किलोमीटरवर आहे. ती वस्तू पाणबुडी आहे, देवमासा आहे, की माशांचा थवा, हे मात्र यंत्र सांगत नाही. ते कानाला यंत्र लावून बसलेल्या विशी-बाविशीतल्या नौसैनिकाने ओळखायचं असतं.

पाणबुडीची गोष्ट उलटी. ती खडा टाकत नाही, कारण तिने केलेला आवाज तिचाच ठावठिकाणा सांगेल. ती नुसती ऐकते. वरून जाणाऱ्या जहाजाच्या पंख्याचा घरघराट, इंजिनाची लय, त्या लयीवरून जहाज मालवाहू की लढाऊ, एकटं की सोबतीने, हे सगळं तिला ऐकूनच जोखायचं असतं. पेरिस्कोप वर काढून बघण्याची चैन ती फार जपून करते.

आणखी एक गोष्ट विहिरीत पोहणाऱ्या कुणालाही माहीत आहे. वैशाखात उडी मारली की वरचं पाणी कोमट असतं आणि पाय खाली सोडले की ते एकदम गारठतात. गरम आणि गार पाण्याची ती वेस समुद्रातही असते. तिरका आलेला आवाज त्या वेशीवर वाकतो, सरळ खाली जात नाही. त्यामुळे वेशीखाली दबून बसलेल्या पाणबुडीच्या डोक्यावरून सोनारचे ठोके निघून जातात आणि विनाशिकेला समुद्र रिकामा वाटतो. आपल्या उष्ण समुद्रांत पाणबुडीला ही वेस मोठा आसरा देते. पुढच्या प्रकरणांत ‘पाणबुडी सापडली नाही’ असं वाक्य पुन्हा पुन्हा येईल, तेव्हा त्यामागे नौसैनिकांची हयगय शोधण्याआधी वाचकाने ही वेस आठवावी.

नावांबद्दल थोडं. विनाशिका या शब्दात संहार ऐकू येतो, पण तिचा जन्म राखणदारीसाठी झाला. १८९० च्या दशकात पाणतीर (टॉर्पेडो) सोडणाऱ्या छोट्या, चपळ होड्यांनी मोठमोठ्या युद्धनौकांना हैराण केलं, तेव्हा त्या होड्यांचा नाश करायला ही वेगवान नौका बांधली गेली. पुढे पाणतीर घेऊन शत्रू पाण्याखाली शिरला आणि विनाशिकेलाही खाली लक्ष ठेवणं भाग पडलं. फ्रिगेट हे तिचंच धाकटं भावंड म्हणावं असं जहाज. पाणबुडी शोधणं हे त्याचं मुख्य काम. १९७१ च्या गोष्टीत विनाशिका आणि फ्रिगेट दोन्ही येतील.

पहिल्या महायुद्धातली एक तारीख मला विसरता येत नाही: २२ सप्टेंबर १९१४. त्या दिवशी सकाळी उत्तर समुद्रात ‘यू-९’ या जर्मन पाणबुडीने ‘अबुकीर’, ‘होग’ आणि ‘क्रेसी’ या तीन ब्रिटिश क्रूझर सुमारे दीड तासात बुडवल्या. चौदाशेहून अधिक माणसं गेली. त्याच तारखेच्या रात्री इकडे ‘एमडन’ या जर्मन क्रूझरने मद्रासवर तोफा डागून किनाऱ्यावरच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. उत्तर समुद्रातल्या त्या सकाळची एक बाब मनात ठेवावी, पुढे तिची गरज पडेल. पहिलं जहाज बुडायला लागलं तेव्हा उरलेली दोन साथीदारांना वाचवायला थांबली, आणि थांबली म्हणूनच सापडली.

दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमध्ये जे घडलं त्यावर जगभर ग्रंथ आहेत, त्यामुळे इथे विस्तार करत नाही. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे चाळीस हजार माणसांपैकी तीस हजारांच्या आसपास परतली नाहीत, एवढ्या एका आकड्यावरून त्या नोकरीचं मोल कळेल. आपल्या वाचकापर्यंत कमी पोचलेली बाजू आपल्याच माणसांची आहे. ज्या व्यापारी जहाजांना हे पाणतीर लागले, त्यांच्या डेकवर, भट्टीखान्यात आणि स्वयंपाकघरात हिंदुस्थानी खलाशी होते. त्यांत रत्नागिरीच्या बाजूचे कोकणी तांडेल आणि सारंग होते, गोव्याचे आचारी आणि वाढपी होते. गोव्याची ही मंडळी मुंबईत धोबीतलावाजवळच्या आपापल्या गावच्या कूडांत, म्हणजे सामाईक निवासांत, उतरायची आणि बोलावणं आलं की पेटी उचलून बंदरावर जायची. त्यांच्या हाती तोफ नव्हती. मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशांच्या जुन्या निवासात जे स्मारक आहे, ते आणि चितगावमधलं त्याचं जोडस्मारक मिळून अखंड हिंदुस्थानच्या साडेसहा हजारांच्या आसपास नौसैनिकांची आणि खलाशांची आठवण ठेवतात. मुंबईला जाणाऱ्या किती मराठी माणसांनी ते पाहिलं असेल?

‘तिलावा’ची हकिकत तर मुंबईचीच. २० नोव्हेंबर १९४२ ला हे प्रवासी जहाज मुंबईहून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघालं. प्रवासी आणि खलाशी मिळून ९५८ माणसं होती. २३ तारखेला ‘आय-२९’ या जपानी पाणबुडीने त्याला गाठलं. २८० जण बुडाले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश क्रूझरने पाण्यातून वेचून घेतलं आणि २७ तारखेला मुंबईत आणून उतरवलं. आता पुढचं ऐका. एप्रिल १९४३ च्या अखेरीस, मादागास्करच्या बाजूला खवळलेल्या समुद्रात, नेताजी सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे सहकारी आबिद हसन हे ‘यू-१८०’ या जर्मन पाणबुडीतून रबरी होडीने एका जपानी पाणबुडीत गेले. ती पाणबुडी म्हणजे हीच ‘आय-२९’. जिने पाच महिन्यांपूर्वी मुंबईहून निघालेल्या २८० जणांना बुडवलं, तिनेच नेताजींना पूर्वेला पोचवलं. पोलादाच्या त्या नळीला दोन्ही कामं सारखीच होती. इतिहास वाचताना आपल्या सोयीची एक गोष्ट ठेवून दुसरी झाकायची सवय आपल्याला आहे; ती इथे चालणार नाही. ‘आय-२९’ सुद्धा जुलै १९४४ मध्ये अमेरिकी पाणबुडीच्या पाणतिराने बुडाली.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या विनाशिका जुन्या ब्रिटिश नौका होत्या. १९४९ मध्ये ‘राजपूत’, ‘रणजीत’ आणि ‘राणा’ आल्या, १९५३ मध्ये ‘गोदावरी’, ‘गोमती’ आणि ‘गंगा’. पाणबुड्या यायला मात्र १९६७ उजाडलं. सोव्हिएत बनावटीच्या त्या पहिल्या चार पाणबुड्या म्हणजे ‘कलवरी’, ‘खांदेरी’, ‘करंज’ आणि ‘कुरसुरा’. यातली दोन नावं आपल्या किनाऱ्याची आहेत. थळसमोरच्या खांदेरी बेटावर शिवछत्रपतींनी १६७९ मध्ये किल्ला उभारायला घेतला, आणि मुंबईच्या इंग्रजांनी अडवायला आणलेल्या गलबतांना मराठ्यांच्या छोट्या होड्यांनी दमवलं. ‘करंज’चं नाव उरणजवळच्या करंजा बेटावरून आलं. आम्हा विदर्भातल्यांना कारंजा म्हटलं की कारंजा लाड आठवतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. आणि विशाखापट्टणमला पाणबुडीचं शिक्षण देणाऱ्या नौदलाच्या केंद्राचं नाव आहे ‘सातवाहन’. गोदावरीकाठच्या पैठणहून राज्य करणाऱ्या, नाण्यावर दोन डोलकाठ्यांचं जहाज उमटवणाऱ्या राजघराण्याचं ते नाव. समुद्रापासून इतक्या दूरची राजधानी, आणि नाण्यावर जहाज!

आता १९७१. या पुस्तकाचा गाभा त्या वर्षात आहे, म्हणून प्रस्तावनेतही मी तिथेच जास्त रेंगाळणार आहे.

‘गाझी’ १४ नोव्हेंबरला कराचीहून निघाली, भारताला वळसा घालून बंगालच्या उपसागरात आली. तिला विमानवाहू ‘विक्रांत’ हवी होती. पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी ‘विक्रांत’ला अंदमानाकडे लपवलं आणि ‘राजपूत’ या म्हाताऱ्या विनाशिकेला विशाखापट्टणमजवळ ठेवून ती जणू ‘विक्रांत’च आहे असे बिनतारी संदेश पाठवायला लावले. शत्रू ऐकतो आहे हे ठाऊक असलेल्या माणसाने रचलेला हा डाव होता. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री ‘राजपूत’ बंदरातून बाहेर पडताना तिला पाण्यात संशयास्पद हालचाल दिसली, तिने डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकले. त्याच रात्री मोठा स्फोट झाला आणि ‘गाझी’ संपली. तिचा अंत ‘राजपूत’ने घडवला असं भारताचं म्हणणं आहे, तिने स्वतः पेरलेल्या सुरुंगाने किंवा आतल्याच स्फोटाने ती गेली असं पाकिस्तानचं. या पुस्तकाने दोन्ही बाजू वाचकापुढे ठेवल्या आहेत, आणि ते मला योग्य वाटतं. कृष्णन यांचा डाव फसवा आणि अचूक होता, असं मला वाटतं.

पश्चिमेकडे, ४ डिसेंबरच्या रात्री, क्षेपणास्त्रवाहू नौका कराचीवर चालून गेल्या आणि ‘खैबर’ ही पाकिस्तानी विनाशिका बुडाली. नौदल दिन त्या रात्रीचा. मुंबईत फटाके वाजत असतील तेव्हा, मला वाटतं, ९ डिसेंबरही कुणीतरी पाळायला हवा.

९ डिसेंबरला ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ या दोन फ्रिगेट दीवच्या बाजूला एक पाणबुडी शोधत होत्या. शोध करायचा तर संथ चालावं लागतं, कारण वेग वाढला की स्वतःच्याच पाण्याच्या खळखळाटात दुसऱ्याचा आवाज बुडतो. शिवाय ‘खुकरी’वर सोनारची क्षमता वाढवण्याचा एक नवा प्रयोग चालू होता, एक तरुण विद्युत अधिकारी तेच काम घेऊन जहाजावर होता. खालून ‘हँगोर’ ऐकत होती. फ्रेंच बनावटीच्या त्या पाकिस्तानी पाणबुडीचे कप्तान होते कमांडर अहमद तस्नीम. त्यांचा पहिला पाणतीर ‘किरपाण’खालून न फुटता निघून गेला. दुसरा ‘खुकरी’ला लागला. रात्रीचे नऊ वाजायच्या आत, काही मिनिटांत, जहाज पाण्याखाली गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक बुडाले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं जीवरक्षक जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि ते जहाजावरच थांबले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेलं हे जगातलं पहिलं लढाऊ जहाज.

‘किरपाण’ बुडणाऱ्यांसाठी तिथे थांबली नाही. तिच्यावरही पाणतीर सुटला होता. ती वळून दूर निघाली. पाण्यातली माणसं नंतर ‘कच्छल’ने उचलली. यावर पुढे पुष्कळ बोललं गेलं, कडवटही बोललं गेलं. ज्यांनी मित्रांना पाण्यात सोडून जाणारा तो जहाजाचा मागचा भाग पाहिला, त्यांना बोलायचा हक्क आहे. आपण मात्र मघाची उत्तर समुद्रातली सकाळ आठवावी. साथीदारांसाठी थांबलेल्या ‘होग’ आणि ‘क्रेसी’ दोन्ही गेल्या होत्या. खाली पाणबुडी असताना थांबलेलं जहाज म्हणजे दुसरं थडगं, हा नियम जगभरच्या नौदलांनी माणसं गमावून शिकलेला आहे. तो नियम पाळणाऱ्या कप्तानाच्या छातीवर काय ओझं राहत असेल, ते पगाराच्या नोकरीत बसून तोलता येत नाही. मी तोलायला जात नाही.

‘हँगोर’ या शब्दाकडे माझं लक्ष बरंच उशिरा गेलं. तो बंगाली आहे, अर्थ शार्क. तिच्याच जातीच्या दुसऱ्या पाणबुडीचं नाव ‘शुशुक’, म्हणजे नदीतला डॉल्फिन, तेही बंगालीच. ज्या युद्धात पूर्व बंगाल पाकिस्तानपासून तुटला, त्या युद्धातली पाकिस्तानी नौदलाची सर्वांत मोठी कामगिरी बंगाली नावाच्या पाणबुडीने केली.

त्याच मालिकेतली तिसरी, ‘मांग्रो’, १९७१ च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात होती. तिच्यावर तेरा बंगाली नौसैनिक प्रशिक्षण घेत होते. ढाक्यात २५ मार्चच्या रात्री सुरू झालेल्या कत्तलीच्या बातम्या त्यांनी ऐकल्या, आणि त्यांच्यातले नऊ जण पाणबुडी सोडून निघाले. आठ भारतात पोचले. या आठ जणांच्या भोवती पुढे जे उभं राहिलं ते ऐकताना मराठी वाचकाने कान टवकारावेत, कारण इथे आपला माणूस येतो.

कमांडर मोहन नारायणराव सामंत. ‘करंज’ १९६९ मध्ये सेवेत आली तेव्हा तिला घेऊन येणाऱ्या पहिल्या पथकातले ते पाणबुडे अधिकारी. पाण्याखालून शांतपणे जाऊन काम करायचं, हेच त्यांचं शिक्षण. १९७१ मध्ये त्यांच्यावर वेगळीच कामगिरी आली. प्लासीजवळ भागीरथीच्या काठी एका छावणीत बंगाली तरुणांना पोहायला आणि जहाजाच्या पोटाला चुंबकी सुरुंग चिकटवायला शिकवण्यात आलं. ‘मांग्रो’वरून आलेले नौसैनिक त्यांच्यात होते. कोलकात्याहून या मोहिमेची सूत्रं हलवणाऱ्यांत सामंत होते. खेड्यांतली पोरं, नदीकाठी वाढलेली, छातीला सुरुंग बांधून रात्रीच्या प्रवाहात उतरायची. १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चाँदपूर आणि नारायणगंज इथे एकाच वेळी हल्ला झाला. इशारा कसा दिला? आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून. एक ठरलेलं गाणं लागलं की तयार राहायचं, दुसरं लागलं की निघायचं. घरोघरी तीच गाणी ऐकणाऱ्यांसाठी ती निव्वळ गाणी होती.

डिसेंबरात सामंत स्वतः छोट्या नौकांचा ताफा घेऊन मोंगला आणि खुलना इथे शिरले. ‘पनवेल’, ‘पद्मा’, ‘पलाश’ आणि सीमा सुरक्षा दलाची एक नौका. १० डिसेंबरला आपल्याच विमानांनी त्यांना शत्रू समजून हल्ला केला आणि ‘पद्मा’ व ‘पलाश’ गेल्या. ‘पलाश’च्या इंजिनघरातले मोहम्मद रुहुल अमीन त्या दिवशी मारले गेले, बांगलादेशने त्यांना आपला सर्वोच्च ‘बीरश्रेष्ठ’ किताब दिला. ‘पनवेल’ उरली आणि सामंत तिच्यानिशी लढत राहिले. त्यांना महावीरचक्र मिळालं, आणि बांगलादेशच्या नवजात नौदलाचं पहिलं प्रमुखपदही काही काळ त्यांनी सांभाळलं. कोकणी आडनावाचा एक पाणबुडा दुसऱ्या देशाचं नौदल उभं करून देतो, आणि आपल्या शाळांच्या भिंतींवर त्याची तसबीर नाही, याचं मला वाईट वाटतं. ही मोहीम कितीतरी वर्षं गुप्त राहिली, हे त्याचं एक कारण. सामंतांनी पत्रकार संदीप उन्नीथन यांच्या सोबतीने लिहिलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑपरेशन एक्स’ या इंग्रजी पुस्तकातून ती सविस्तर बाहेर आली. तिचा नीट मराठी अवतार यायलाच हवा.

आणि ‘करंज’? ती युद्धात अरबी समुद्रात होती, कमांडर विजयसिंह शेखावत तिचे कप्तान. आपल्या पाणबुड्यांना ओळख पक्की पटल्याशिवाय पाणतीर सोडायची मुभा नव्हती, कारण कराचीच्या वाटेवर परदेशी व्यापारी जहाजांची वर्दळ होती. त्यामुळे १९७१ मध्ये भारतीय पाणबुड्यांच्या नावावर एकही बुडवलेलं जहाज नाही. काही लेखक हे कमीपणा मानून घाईने पुढे जातात. शत्रूच्या दारात, पाण्याखाली, आवाज न करता, समोरून जाणारं जहाज जाऊ देत दिवसामागून दिवस काढणं, याला कमीपणा म्हणायला माझी जीभ वळत नाही. ‘तिलावा’त बुडालेल्यांची आठवण असलेल्या देशाने अशी आज्ञा द्यावी, हे मला मोलाचं वाटतं. शेखावतांना वीरचक्र मिळालं, पुढे ते नौदलप्रमुख झाले, आणि १० मार्च २०२१ ला माझगाव डॉकमध्ये बांधलेली नवी ‘करंज’ मुंबईत सेवेत आली तेव्हा समोर प्रमुख पाहुणे म्हणून बसलेले वृद्ध गृहस्थ तेच होते. १५ जानेवारी २०२५ ला ‘सुरत’ ही विनाशिका आणि ‘वागशीर’ ही पाणबुडी, दोन्ही माझगावच्याच, एका दिवशी नौदलात दाखल झाल्या. एकीने दुसरीला शोधायचं आणि दुसरीने पहिलीपासून लपायचं. हा सराव आता एकाच गोदीच्या मुली करतात.

रानात मेलेल्या वीराला आपल्याकडे वीरगळ मिळतो. गावोगावी शेंदूर लावलेले असे दगड आहेत, कुणाचे ते गावालाही ठाऊक नसतं, तरी आषाढात नारळ फुटतो. समुद्रात बुडालेल्याचं काय? मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांची जहाजं कोरलेली आहेत, लढणारी आणि पाण्यात पडणारी माणसं आहेत. अभ्यासक त्यांचा संबंध देवगिरीचा यादव राजा महादेव आणि कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्या तेराव्या शतकातल्या सागरी लढाईशी लावतात. सोमेश्वर त्यात बुडाला. महादेवाच्याच दरबारी हेमाद्री होता, आणि ज्याला आपण हेमाडपंती म्हणतो ती देवळं आमच्या जिल्ह्यात आजही उभी आहेत. पठारावरचा राजा समुद्रावर लढला आणि कुणीतरी ते दगडात उतरवून ठेवलं. दीवच्या किनाऱ्यावर ‘खुकरी’ची छोटी प्रतिकृती काचेत ठेवली आहे, ती त्याच जातीची. या पुस्तकात बुडालेल्या जहाजांसोबत माणसांचे आकडे नेमाने दिले आहेत, दोन्ही बाजूंचे. वाचताना ते ओलांडून जाऊ नयेत एवढी माझी विनंती आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या मावसभावाला घेऊन मी विशाखापट्टणमला गेलो. दादांनी आयुष्यभर कापूस पिकवला, समुद्र पहिल्यांदाच पाहत होते. रामकृष्ण बीचवर ‘कुरसुरा’ वाळूत उभी करून ठेवली आहे, आत फिरता येतं. एक्क्याण्णव मीटर लांब, आणि आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने आडवं व्हावं लागतं. दादा वाकून वाकून चालत होते. माहिती देणारे गृहस्थ निवृत्त नौसैनिक होते.

‘‘साहेब, या बोगद्यात पाऊणशे मानसं राहत होती म्हन्ता? अन् आंघोळीले पानी?’’

‘‘आंघोळ नाही, काका. पाणी प्यायला आणि रांधायला. परत आल्यावर आंघोळ.’’

‘‘अन् वरून जहाज चाल्लं हे खाली कसं समजे?’’

त्यांनी काही न बोलता दोन बोटं कानाला लावली.

दादा बराच वेळ गप्प होते. तशीच एक, ‘हँगोर’, कराचीच्या संग्रहालयात जमिनीवर ठेवलेली आहे आणि तिथेही शाळेची पोरं आत वाकून चालतात, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. बाहेर आल्यावर, टरबूज पिकलं का ते बघतात तसं, त्यांनी पाणबुडीच्या काळ्या पोलादावर बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं आणि कान लावून उभे राहिले.